ग्रीन कार्डाची रांग : सरकार बदललं की नेमकं काय बदलतं?

दर महिन्याच्या मध्याला केव्हातरी ताईचा फोन येतो. "हॅलो" वगैरे काही नाही. "दोन आठवडे सरकली" किंवा "जागेवरच आहे" एवढंच म्हणते आणि मग आईची चौकशी करते. ती आणि भावोजी न्यू जर्सीत राहतात. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे अमेरिकेत कायमचं राहण्याच्या परवान्याच्या, रांगेतली त्यांची तारीख २०१४ च्या ऑक्टोबरातली आहे.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन नावाचं एक पत्रक काढतं. त्यात एक तक्ता असतो, तक्त्यात भारताचा रकाना आणि रकान्यात एक तारीख. तुमची तारीख तिच्याआधीची असेल, तर तुमचा नंबर लागला. ताईच्या स्वयंपाकघरात एक दोनशे पानी वही आहे. त्यात ती दर महिन्याची तारीख निळ्या पेनाने उतरवते, आणि मागे गेली तर लाल पेनाने. हो, ही तारीख मागेही जाते. त्याबद्दल पुढे सांगते.

गेल्या दहा वर्षांत व्हाइट हाउसमध्ये ओबामा होते, ट्रम्प आले, बायडन आले, पुन्हा ट्रम्प आले. दर निवडणुकीला रांगेतले लोक श्वास रोखून बसतात. हा आला तर सुटेल, तो आला तर संपलं. मीही तसंच समजायचे. पण ताईची वही आणि त्या त्या वेळच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत बदललं. लोकांची आशा बऱ्याचदा चुकीच्या दारावर बसलेली असते. ते दार कोणतं आणि बरोबर दार कोणतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी रांग कशी लागते ते पाहू. नोकरीच्या आधारावरचं ग्रीन कार्ड तीन टप्प्यांत मिळतं. पहिल्या टप्प्यात कंपनी कामगार खात्याला सांगते की या जागेसाठी आम्ही अमेरिकेतच माणूस शोधला, पण लायक आणि तयार असा कोणी मिळाला नाही. याला सगळे 'पर्म' म्हणतात. हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, बोलताना नुसतं 'पीडी'. देवळाबाहेर चपलांचं टोकन घ्यावं तसं हे टोकन. दुसरा टप्पा आय-१४० नावाच्या अर्जाचा. तो कंपनी यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या कार्यालयाकडे करते. तो मंजूर झाला की कंपनी आणि माणूस दोघंही खरे आहेत हे सरकारने मान्य केलं. तिसरा टप्पा आय-४८५, खुद्द ग्रीन कार्डाचा अर्ज. भारतात जन्मलेल्या माणसाची गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्येच अडकते. कागद सगळे बरोबर, माणूस लायक ठरलेला, तरी कार्ड नाही, कारण वर्षाचा कोटा संपलेला असतो.

हा कोटा १९९० च्या कायद्याने ठरवला. थोरले जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष होते तेव्हाचा कायदा. नोकरीच्या आधारावर वर्षाला किमान १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्क्यांपर्यंतच. भारताला ७ टक्के आणि आइसलँडलाही ७ टक्केच. नागरिकत्व कुठलं हे पाहत नाहीत, जन्म कुठे झाला ते पाहतात. पुण्यात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला माणूसही भारताच्याच रांगेत उभा राहतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही : या १,४०,००० मध्ये नवरा किंवा बायको आणि मुलंही मोजली जातात. म्हणजे एका इंजिनिअरमागे तीन-चार कार्डं खर्ची पडतात.

आकडे मांडून पाहा. ताईची वर्गवारी ईबी-२, म्हणजे उच्च पदवी असलेल्यांचा वर्ग. तिच्या वाट्याला एकूण कोट्यातले २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,०००. त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००. तिघांचं कुटुंब धरलं तर वर्षाला हजार कुटुंबंही बसत नाहीत. बाकीच्या देशांनी न वापरलेली कार्डं उरली तर ती जुन्या तारखांच्या क्रमाने रांगेतल्यांना मिळतात, त्यात भारतीयांना काही वर्षी बरीच मिळाली आहेत. पण उरलीच नाहीत तर ते २,८०० च. आणि रांगेत किती माणसं? केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकी अभ्याससंस्थेने २०२३ मध्ये हिशेब केला तेव्हा नोकरीच्या रांगेत एकूण सुमारे १८ लाख अर्जदार होते आणि त्यातले सुमारे ११ लाख भारतातले. त्या हिशेबाप्रमाणे तेव्हा रांगेत नव्याने उभ्या राहिलेल्या भारतीयाला शंभराहून अधिक वर्षं लागतील. शंभर वर्षं कोण थांबणार? म्हणजे त्याला कार्ड मिळणारच नाही, एवढंच कोणी तोंडावर सांगत नाही.

उशीर दोन जातींचा असतो

ही एक गोष्ट समजली की इमिग्रेशनच्या बातम्या वाचणं सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला उशीर कोट्याचा. तो गणिताचा आहे. कार्डं कमी, माणसं जास्त. अधिकारी रात्रंदिवस काम करू लागले तरी तो कमी होत नाही.

दुसरा उशीर टेबलाचा. तुमची फाइल कोणाच्या तरी टेबलावर पडून आहे. माणसं कमी आहेत, तपासण्या वाढल्या आहेत, मुलाखत सक्तीची केली आहे, वैद्यकीय तपासणीचा कागद पुन्हा मागवला आहे. हा उशीर मात्र माणसांच्या हातात आहे, आणि सरकार बदललं की तो कमी-जास्त होतो. उदाहरणार्थ, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डासाठी समोरासमोर मुलाखत बहुतेकांना माफ असायची. ऑक्टोबर २०१७ पासून ट्रम्प सरकारने ती सगळ्यांना लावली. कायद्याचा एक शब्द बदलला नाही, पण फाइल काही महिने लांबली.

टेबलाच्या उशिरामागे पैशाचंही कारण आहे. यूएससीआयएस जवळजवळ पूर्णपणे अर्जदारांच्या फीवर चालतं, करदात्यांच्या पैशांवर नाही. २०२० मध्ये कोविडमुळे अर्ज आटले, फी आटली, आणि कार्यालयाने सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवण्याची तयारी केली. शेवटी ते टळलं. पण ज्या कार्यालयात निम्म्याहून अधिक लोकांच्या डोक्यावर अशी टांगती तलवार होती, तिथल्या टेबलांवरच्या फायली किती हलल्या असतील याचा विचार करा.

आता ज्या घटनेमुळे माझा गैरसमज गळून पडला ती सांगते. मार्च २०२० मध्ये जगभरातल्या अमेरिकी वकिलाती बंद झाल्या. एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी घोषणापत्र काढून परदेशातून ग्रीन कार्डावर येणाऱ्या बहुतेकांना दार बंद केलं. त्यामुळे कुटुंबाच्या आधारावर द्यायची कार्डं मोठ्या संख्येने पडून राहिली. आणि कायदा म्हणतो की कुटुंबाच्या कोट्यातली न वापरलेली कार्डं पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात मिळवायची. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्या ऑक्टोबरात नोकरीचा कोटा १,४०,००० वरून एकदम सुमारे २,६२,००० झाला. ईबी-३ मध्ये, म्हणजे ईबी-२ च्या खालच्या वर्गात, भारतीयांसाठी अर्ज भरण्याची तारीख उडी मारून जानेवारी २०१५ वर आली. वकिलांना फोन लागेनात. ईबी-२ मधल्या लोकांनी घाईघाईने ईबी-३ मध्ये उतरून अर्ज टाकले.

म्हणजे ज्या सरकारकडून रांगेतल्यांना कसलीच अपेक्षा नव्हती, त्याच्याच बंदीमुळे त्यांना वर्षानुवर्षांतली सर्वांत मोठी संधी मिळाली. ती कोणी द्यायची ठरवून दिली नव्हती. बांधाच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला गेलं, इतकंच.

पुढे काय झालं? जानेवारी २०२१ मध्ये बायडन आले. सगळ्यांना हायसं वाटलं. आणि ३० सप्टेंबर २०२१ ला, सरकारी वर्षाच्या शेवटच्या दिवशी, सुमारे ६६,००० कार्डं न देताच वाया गेली. कार्यालय तेवढे अर्ज वेळेत निकालात काढू शकलं नाही, आणि नोकरीच्या कोट्यातली उरलेली कार्डं पुढच्या वर्षी जात नाहीत. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं तशीच राहिली, कार्यालयाच्या हातात कार्डं असूनही. याचं मला आजही वाईट वाटतं. त्यापुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, कोटा आणखी वाढून सुमारे २,८१,००० झाला होता. त्या वर्षी कार्यालयाने कंबर कसली आणि जवळपास सगळी कार्डं दिली. कार्यालय तेच, राष्ट्राध्यक्ष तेच. मनावर घेतलं की टेबलाचा उशीर किती कमी होऊ शकतो, हे त्या वर्षाने दाखवलं.

ताईचा नंबर त्याच वर्षी लागला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ वर आली. 'डेट करंट झाली' म्हणतात ती ही अवस्था. त्यांनी अर्ज टाकला. अंगठ्याचे ठसे झाले. ताईने मला विचारलं होतं, यंदा दिवाळीला येऊ का गं? मग कार्यालयाने वैद्यकीय तपासणीचा कागद पुन्हा मागितला. तो पाठवला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झालं की वर्षाची ईबी-२ ची सगळी कार्डं संपली. ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये तारीख गेली १ एप्रिल २०१२ वर. डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११. एप्रिल २०२३ मध्ये १ जानेवारी २०११. सात महिन्यांत घड्याळ जवळजवळ चार वर्षं मागे गेलं. वहीतलं ते पान लाल आहे. सप्टेंबरच्या ओळीपुढे ताईने काहीच लिहिलेलं नाही, फक्त पेन टेकवल्याचा एक ठिपका आहे.

घड्याळ मागे का जातं? कारण बुलेटिन हा अंदाज असतो. परराष्ट्र खातं दर महिन्याला ठरवतं की अमुक तारखेपर्यंतच्या लोकांना बोलावलं तर वर्षाचा कोटा नीट पुरेल. बाकीच्या जगातून मागणी वाढली की भारताला मिळणारी उरलीसुरली कार्डं आटतात आणि तारीख मागे ओढावी लागते. याला 'रेट्रोग्रेस होणं' म्हणतात. यात कोणाचा डाव नसतो. पण ज्याची तारीख गेली त्याला हे ऐकून बरं वाटत नाही, आणि का वाटावं?

बातमी आली की कोणता प्रश्न विचारायचा

अमेरिकेत इमिग्रेशनची गोष्ट चार पातळ्यांवर बदलते, आणि चारींचं वजन फार वेगळं आहे.

सर्वांत वर कायदा. तो फक्त काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बदलू शकतात. १,४०,००० आणि ७ टक्के हे दोन्ही आकडे इथे आहेत. त्याखाली नियम. ते सरकारी खाती करतात. साधारणपणे मसुदा छापायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, मग पक्का करायचा, यात महिने किंवा वर्षं जातात. त्याखाली धोरण : कार्यालयाच्या अंतर्गत सूचना, ज्या रातोरात बदलू शकतात. आणि याखेरीज राष्ट्राध्यक्षाचं घोषणापत्र. १९५२ च्या कायद्यातल्या कलम २१२(एफ) ने परदेशी माणसांचा प्रवेश रोखण्याचा मोठा अधिकार त्याला दिला आहे. प्रवेश रोखण्याचा, हे लक्षात ठेवा. कार्डं वाढवण्याचा नाही. राष्ट्राध्यक्ष दार लावू शकतो, पण दार रुंद करायला त्याला काँग्रेस लागते. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

नियम आणि धोरणाच्या पातळीवर मात्र नवं सरकार तुमचं रोजचं जगणं पार उलटं-पालटं करू शकतं. ताई ज्या कार्डावर काम करते त्याचंच पाहा. ते वर्क परमिट, म्हणजे ईएडी. मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा, पण तो अर्ज तपासायलाच कार्यालयाला महिनोन् महिने लागतात. मधल्या काळात नोकरी जाऊ नये म्हणून जुनं कार्ड आपोआप काही दिवस चालू धरायचं, असा नियम ओबामांच्या शेवटच्या दिवसांत, जानेवारी २०१७ पासून लागू झाला : १८० दिवस. अर्ज तुंबले तेव्हा बायडन सरकारने मे २०२२ मध्ये ते तात्पुरते ५४० केले आणि जानेवारी २०२५ मध्ये कायमचे. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ट्रम्प सरकारने ही आपोआप मुदतवाढच काढून टाकली. कार्डाची मूळ मुदतही तशीच : सप्टेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढली, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १८ महिन्यांवर आली. माणूस तोच, खुर्ची तीच, काम तेच. पण उशीर कार्यालयाचा झाला तरी पगार मात्र तुमचा थांबणार.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर रांगेत असलेल्यांच्या जोडीदारांना, म्हणजे एच-४ व्हिसावाल्यांना, काम करण्याची परवानगी मे २०१५ मध्ये मिळाली. त्यानंतर ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत ती रद्द करण्याचा प्रस्ताव सरकारी कामांच्या यादीत दर सहा महिन्यांनी झळकायचा. तो कधी अमलात आला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. पण त्या चार वर्षांत किती बायकांनी घर घ्यायचं पुढे ढकललं, किती जणींना मालकाने "तुमचं कार्ड राहील ना?" असं विचारलं, याची नोंद कुठे नाही. न झालेला बदलही माणसाला असा दमवतो.

मुलांची गोष्ट याहून कठीण. आईवडिलांच्या अर्जात मूल धरलं जातं ते २१ वर्षांचं होईपर्यंत. नंतर ते रांगेतून बाहेर. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट दिली आहे, पण ती मोजायची कशी हे धोरणावर आहे. बुलेटिनमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून दोन तक्ते असतात : एक अर्ज कधी भरता येईल त्याचा, दुसरा कार्ड कधी मिळेल त्याचा. पहिला तक्ता सहसा पुढे असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडन सरकारने ठरवलं की मुलाचं वय पहिल्या तक्त्याच्या तारखेवर गोठवायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा दुसऱ्या तक्त्यावर गेले. दोन तक्त्यांतल्या त्या काही महिन्यांच्या फरकात एखाद्या मुलीचा एकविसावा वाढदिवस येतो. ताईच्याच इमारतीत तिची एक मैत्रीण आहे, तिची तारीख २०१५ च्या फेब्रुवारीतली. ताईच्या मागे अवघे चार महिने, पण २०२२ मध्ये तिला अर्जच टाकता आला नाही. तिची मुलगी तीन वर्षांची असताना अमेरिकेत आली. आता कॉलेजात आहे. एकवीस पूर्ण झाल्यावर तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल, जणू कालच विमानातून उतरली. लहानपणी अमेरिकेत आणलेल्यांना हद्दपारीपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या डाका (DACA) योजनेतही अशी मुलं बसत नाहीत, कारण ती योजना कागदपत्रं नसलेल्यांसाठी होती. यांच्याकडे सगळे कागद होते.

आता भाषणांबद्दल. जून २०२४ मध्ये प्रचाराच्या दिवसांत ट्रम्प एका पॉडकास्टमध्ये म्हणाले की अमेरिकेत पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबरच ग्रीन कार्ड मिळायला हवं. ती क्लिप आमच्या घरच्या ग्रुपवर एका दिवसात पाच जणांनी टाकली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच घोषणापत्र काढलं की नव्या एच-१बी अर्जासाठी १,००,००० डॉलर भरायचे. शुक्रवारी सही, शनिवारी मध्यरात्रीनंतर लागू. कंपन्यांनी परदेशात गेलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परत यायला सांगितलं, विमानात बसलेली माणसं उतरली. दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. पॉडकास्टमधलं वाक्य कायद्याशिवाय खरं होऊ शकत नव्हतं. घोषणापत्र एका सहीने झालं. दोन्हींकडे आपण सारख्याच धडधडीने पाहिलं. म्हणून बातमी आली की आधी विचारा : हा कायदा आहे, नियम आहे, धोरण आहे, घोषणापत्र आहे की नुसतं भाषण?

मग काँग्रेस काय करते? एकदा ती फार जवळ आली होती. ७ टक्क्यांची मर्यादा नोकरीच्या कार्डांपुरती काढून टाकणारं विधेयक १० जुलै २०१९ ला प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांची मतं. सिनेटमध्ये माइक ली हे रिपब्लिकन आणि कमला हॅरिस या डेमोक्रॅट अशा दोघांनी त्याचं सिनेटमधलं रूप मांडलं होतं. बदल करत करत २ डिसेंबर २०२० ला तेही एकमताने मंजूर झालं. पण दोन सभागृहांचे मसुदे वेगळे होते. ते जुळवायच्या आत ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक गेलं. पुन्हा श्रीगणेशा.

याला विरोध करणारे सगळे भारतीयांच्या वाईटावर होते असं नाही. एकूण कार्डं न वाढवता मर्यादा काढली, तर रांगेच्या पुढच्या टोकाला बहुतेक भारतीय आणि चिनीच असणार, आणि आज लवकर सुटणारे इतर देशांचे लोक, उदाहरणार्थ परिचारिका, वर्षानुवर्षं मागे ढकलले जाणार. हे खरं आहे. म्हणून मला वाटतं की खरा उपाय मर्यादा हलवण्यापेक्षा वाया गेलेली कार्डं परत मिळवण्यात आणि बायका-मुलांना कोट्यात न मोजण्यात आहे. पहिल्याला दाखलाही आहे : १९९९ आणि २००० सालची न वापरलेली कार्डं २००० च्या कायद्याने परत आणली होती. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

मंत्र्याच्या हातात सगळं असतं तेव्हा

"कॅनडा बरं" असं कोणी म्हटलं की मला २०१२ आठवतं. तिथे उलटी व्यवस्था आहे : मंत्र्याच्या हातात खूप काही आहे. २०१२ मध्ये जेसन केनी इमिग्रेशन मंत्री असताना, अर्थसंकल्पाच्या विधेयकातून, २७ फेब्रुवारी २००८ च्या आधी आलेले कुशल कामगारांचे प्रलंबित अर्ज रद्द करण्यात आले. कुटुंबीय धरून सुमारे २,८०,००० माणसं. फी परत दिली. वर्षं परत देता येत नाहीत. रांग संपली, पण रांगेतली माणसं घरी पाठवून.

आणि तिथे सरकार बदलायचीही गरज पडत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्री शॉन फ्रेझर यांनी २०२५ साठी ५,००,००० नव्या स्थायिकांचं उद्दिष्ट जाहीर केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्री मार्क मिलर यांनी तेच ३,९५,००० वर आणलं. पक्ष तोच, पंतप्रधान ट्रूडोच. पाच लाखांच्या भरवशावर घरं विकून शिकायला गेलेली मुलं मात्र मधेच अडकली. अमेरिकेत कोणी काही बदलू शकत नाही म्हणून त्रास, कॅनडात कोणीही बदलू शकतो म्हणून त्रास.

मग रांगेतल्या माणसाने करायचं काय? आशा सोडा, असं मी म्हणणार नाही. २००७ चा जुलै आठवा. त्या महिन्याच्या बुलेटिनमध्ये जवळपास सगळ्यांच्या तारखा करंट झाल्या. लोकांनी वकिलांना पैसे दिले, तपासण्या करून घेतल्या, गावाकडून जन्माचे दाखले मागवले. २ जुलैला सरकारने सांगितलं की कार्डं संपली, अर्ज घेणार नाही. तेव्हा भारतीयांनी यूएससीआयएसचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेस यांच्या पत्त्यावर फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्यांनी. चक्क गांधीगिरी. गोन्झालेस यांनी ती फुलं वॉल्टर रीड इथल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. तो निर्णय कार्यालयाच्या हातातला होता, म्हणून फुलं पोचली. दार बरोबर होतं.

बाकी हातातल्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले की कंपनीने तो मागे घेतला तरी तुमची तारीख सहसा तुमचीच राहते, नोकरी बदलली तरी पुढच्या कंपनीत ती नेता येते. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. आय-४८५ सहा महिने प्रलंबित असेल तर त्याच प्रकारच्या कामात नोकरी बदलता येते. एच-१बी वर नोकरी गेली तर सहसा ६० दिवस मिळतात. वैद्यकीय कागद, जन्मदाखला, लग्नाचा दाखला यांचा संच तयार ठेवा, कारण दार कधी उघडेल आणि किती आठवडे उघडं राहील ते कोणी सांगू शकत नाही. आणि तिथे नागरिक झालेले तुमचे नातेवाईक, मित्र असतील, तर त्यांना त्यांच्या भागातल्या प्रतिनिधीला फोन करायला सांगा. राष्ट्राध्यक्षाच्या भाषणाला लाइक करण्यापेक्षा त्या एका फोनला वजन जास्त आहे.

ताईने गेल्या वर्षीपासून वहीत एक नवा रकाना आखला आहे. तारखेपुढे त्या महिन्यातल्या बातमीची जात लिहिते : 'नि' म्हणजे नियम, 'धो' म्हणजे धोरण, 'घो' म्हणजे घोषणापत्र, 'भा' म्हणजे भाषण. जुनी पानंही तिने अशी भरून काढली. 'भा' सर्वांत जास्त आहेत. 'का', म्हणजे कायदा, एकच लिहिला होता, डिसेंबर २०२० च्या ओळीपुढे, आणि तोही पेन्सिलीने. पुढच्या महिन्याच्या ओळीवर आल्यावर तो खोडावा लागला. कागद तिथे जरा खरखरीत झाला आहे.